बाबूभाईंचं नाक

बाबूभाई आतार कुणाच्या घरी गेले तर आधी बोलायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, चौकटीला एक हात लावायचा, डोळे मिटायचे आणि हुंगायचं. एकदा हुंगून थांबायचं, मग पुन्हा हुंगायचं. त्यानंतर घरात काय शिजलंय, काय करपलंय, कालचं काय उरलंय आणि कुणाला सर्दी झालीय ते सगळं सांगायचं. रामराम त्याच्या नंतर.

मी लग्न होऊन डाळजला आले आणि आठव्या दिवशी हा माणूस माझा वैरी झाला. सासू रानात गेली होती आणि माझ्या हातून दूध करपलं. पातेलं घासून निघेना, म्हणून मी ते गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे लपवलं आणि घरात दोन उदबत्त्या लावल्या. संध्याकाळी सायकलला पत्र्याची पेटी बांधलेला एक काटकुळा माणूस दारात येऊन उभा राहिला. कानात अत्तराचा फाया, पेटीत कुंकू, बुक्का, अष्टगंध, सुरमा, ऊद. त्यानं डोळे मिटले, दोनदा हुंगलं आणि सासूला म्हणाला, "मावशी, उदबत्ती माझ्याकडचीच हाय. पन तिच्या खाली करपल्यालं दूध हाय, दोन शेर तरी असंल. आन् तसलाच वास गोठ्यातनं कशापायी येतोय?"

सासू गोठ्यात गेली. पुढचं मी सांगत नाही. वर्षभर मी त्यांच्याकडून कुंकू घेतलं नाही, इंदापूरच्या बाजारातून आणलं. ते कुंकू लावून मी समोरून गेले की बाबूभाई सायकलवरूनच सांगायचे, "वैनी, ह्यात चुना हाय." कपाळाला खाज सुटायला लागली तेव्हा मी त्यांच्याकडचं घेतलं. त्या खाजेतून आमची ओळख वाढली आणि पुढं चाळीस वर्षं टिकली.

ते नेहमी सांगायचे, "वैनी, यकदा हुंगलं की दुकानदाराला काय वाटतं ते कळतं. दोनदा हुंगलं की वस्तूला काय वाटतं ते कळतं." मला हे कधी समजलं नाही, पण ते म्हणायचे तेव्हा ऐकायला बरं वाटायचं.

डाळजमध्ये मग रीतच पडली. कुणी तूप विकत आणलं की आधी बाबूभाईंच्या नाकाखाली धरायचं. हिंग, मध, तांदूळ, पेरू, काय वाटेल ते. ते दोनदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे, त्यावर गावात कुणी वाद घालायचं नाही. शेळगावचं एक स्थळ आलं होतं आमच्या शेजारच्या मुलीला. मुलगा गोरा, उंच, बोलायला मऊ. मुलीच्या बापानं काहीतरी निमित्त काढून बाबूभाईंना बोलावलं. बाबूभाईंनी नवरदेवाला ईदला मारावी तशी मिठी मारली, चांगली दोन श्वास, आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पन सकाळी धा वाजता इतकी बडीशेप कुनी खातं का?" लग्न मोडलं. त्या मुलाचं पुढं काय झालं ते शेळगावात कुणालाही विचारा, बडीशेपेच्या मागे काय होतं ते सांगतील.

या कामाचे ते पैसे घेत नसत. चहा घेत. तोही हुंगून. मी एकदा विचारलं, आल्याचा चहा कसा झालाय. तर म्हणाले, "आलं घातलंय म्हनताय, पन आल्यानं ह्या चहाकडं लांबूनच बघितल्यालं दिसतंय."

त्यांची बायको लवकर गेली. एकच मुलगी, नसीम. ती बारामतीला दिली होती. तिथं एका बेकरीत तिनं आठ वर्षं काम केलं, भट्टीपासून केकवर नाव लिहिण्यापर्यंत सगळं शिकली. मग बाप एकटा म्हणून म्हणा, किंवा दुसऱ्याच्या भट्टीला कंटाळून म्हणा, नवऱ्याला घेऊन डाळजला आली. नवरा टेम्पो चालवतो. त्याला काय, टेम्पो कुठंही उभा राहतो. अंगावरचं सोनं मोडून तिनं विजेची भट्टी आणली, कपाटाएवढी, आणि फाट्यावर हायवेला लागून दुकान टाकलं.

आमच्या गावाला बेकरी म्हणजे एकच गोष्ट माहीत. दिवाळीच्या आधी रवा, तूप, साखर डब्यात घालून भिगवणला न्यायची, भट्टीसमोर बसून राहायचं आणि त्यानं आपलंच तूप आपल्याच नानकटाईत घातलं का ते बघायचं. त्यामुळं नसीमचं दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही सात-आठ जणी आपापले डबे घेऊन गेलो. माझ्या डब्यात ज्वारीचं पीठ होतं, कारण घरात तेच होतं. नसीम म्हणाली, काकी, इथं पीठ माझं असतं, तुम्ही नुसतं विकत न्यायचं. मी म्हटलं, "आन् तुज्या पिठाचा भरोसा कुनी द्यायचा?" ती हसली आणि डबा ठेवून घेतला.

चार दिवसांनी तिनं त्या पिठाचा पाव करून पाठवला. मी तो कापायला विळी घेतली, मग कोयता घेतला. शेवटी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला, दार चांगलं राहिलं. मी तिला जाऊन तसं सांगितलं. तिला राग आला नाही. तिनं थोडा मैदा घातला, ताकात पीठ भिजवलं, रात्रभर ठेवलं, पुन्हा केला. चौथ्या वेळेला जो पाव निघाला तो मी अख्खा खाल्ला आणि शेजारणीला सांगितलंही नाही. वरून कडक, आत मऊ, आणि वास असा की गरम तव्यावरची पहिली भाकरी. तो पाव तिचा जीव होता.

पण विकत कोण घेणार? लोक दुकानासमोर येत, काचेतून बघत आणि विचारत, "बाबूभाई काय म्हनत्यात?"

बाबूभाई काहीच म्हणत नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानात स्टुलावर बसायचे, पण एका पावाबद्दल एक शब्द नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, लेकीचा माल हाय, मी चांगलं म्हनलं तर तुमी म्हनाल बापच हाय. ऐकायला बरोबर वाटे. पण गाव असं ऐकत नाही. शिरपाआबा म्हणून आमच्याकडे एक आहेत, वस्तू फुकट मिळत असली की त्यांना तिच्यातलं सगळं कळतं. ते पारावर बसून सांगायला लागले, "चाळीस वर्सं सगळ्या गावाचं तूप हुंगलं, आन् पोटच्या पोरीचा पाव हुंगत न्हाय. म्हंजी पावात काय तरी हाय." महिना झाला. सकाळी भाजलेला माल संध्याकाळी टेम्पोत घालून नवरा इंदापूरला नेई आणि पडेल भावानं देऊन येई. नसीम मला म्हणाली, काकी, लोकांचं जाऊ द्या, अब्बा मला सुद्धा सांगत नाहीत. चुकलं असेल तर चुकलं म्हणावं. पाव तोंडासमोर धरला की खोकल्याचं औषध घ्यायला उठतात.

मला वाटलं म्हातारा चढलाय. त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून मी एका दुपारी दुकानात गेले. नसीम मैद्याची पोती आणायला गेली होती, भट्टीकडे लक्ष ठेवा म्हणून बापाला सांगून. बाबूभाई भट्टीपासून दोन हातांवर बसले होते. मला बघून खूश झाले, खिशातून एक बाटली काढली आणि खऱ्या गुलाबात आणि खोट्या गुलाबात काय फरक असतो ते सांगायला लागले. ते सांगत होते आणि मला जळका वास आला. मग जास्त आला. मग माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. बाबूभाई गुलाबावरच होते.

मी म्हटलं, "बाबूभाई, कसला वास येतोय हितं?"

त्यांनी डोळे मिटले, एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं. "पावाचा," म्हणाले. "मस्त येतोय."

मी उठून भट्टीचं दार उघडलं. आत चोवीस कोळसे होते.

बाबूभाई त्या धुराकडे बघत राहिले. मग बाटलीचं बूच लावलं आणि खाली बघत म्हणाले, नाक करोनात गेलं. ताप उतरला, खोकला गेला, पण वास परत आलाच नाही. गुलाबही पाण्यासारखा आणि गटारही पाण्यासारखं.

मग मला एकेक आठवायला लागलं. एका मयताला ते मोगऱ्याचं अत्तर इतकं लावून आले होते की तिरडी धरणारे शिंकत होते. आम्हाला वाटलं, दुःखात भान राहिलं नसेल. मी विचारलं, मग इतकी वर्षं लोकांचं तूप कसं सांगितलं? तर म्हणाले, तूप न्हाय बघत, तूप आननाऱ्याचं तोंड बघतो. ज्यो घाबरून बघतो त्याला वानी फसवत असतो, त्याला म्हायती असतंच. मी म्हटलं, म्हणजे माझं तूप तुम्ही चांगलं सांगितलंत ते? म्हणाले, "वैनी, तुमच्या तोंडावरनं तर काय बी कळत न्हाय. तुमच्या येळंला मी अल्लाचं नाव घेतो."

मी म्हटलं लेकीला तरी सांगा. त्यांनी बाटली खिशात ठेवली. "लोक माज्याकडं नाकासाठी येत्यात. नाक न्हाय म्हनल्यावर मी निस्ता एक म्हातारा."

"निस्ते म्हातारे गावात लई हायत," मी म्हटलं. "त्यात यक वाढंल."

त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांच्या नाकासाठी पोरीची भट्टी विझायला लागली होती, आणि ते त्यांनाही दिसत होतं. दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले, चौकटीला हात लावून सवयीनं हुंगले, काहीच न सांगता आत आले आणि बेत सांगितला. नसीमला म्हणे गावाला बोलावून सगळे पाव फुकट खायला घालायचेत. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर हुंगणार आणि निकाल देणार. मी शेजारी उभं राहून आधी वास घ्यायचा. चांगलं असलं तर पदर डोक्यावर घ्यायचा, खराब असलं तर खोकायचं. मी म्हटलं, लेकीचंच आहे, सरळ सगळं चांगलं म्हणून टाका. तर म्हातारा ताठ झाला. "खोटं म्हनायचं असतं तर म्हैनाभर गप कशाला बसलो असतो? मला माजं नाक न्हाय, तुमचं तरी खरं पायजे."

आम्ही माझ्या घरात तालीम केली. मी त्यांच्या नाकाखाली काही धरायचे आणि खूण करायचे. पहिल्यांदा लसूण, बरोबर आलं. मग गूळ, बरोबर. मग मी शेणाची पाटी धरली, आणि पदर घसरला म्हणून सवयीनं वर घेतला. बाबूभाई म्हणाले, "वा. निर्मळ वास." मी सांगितलं की हे शेण आहे. म्हणाले, तुम्ही पदर घेतलात. मी म्हटलं, माझा पदर दिवसातून दोनशे वेळा घसरतो, तेवढ्या वेळा मी काय तुमच्यासाठी उभी राहू? मग पदर रद्द केला. मी गप्प राहिले तर चांगलं, खोकले तर खराब. इतकं सोपं की चुकायला जागाच नव्हती, असं आम्हाला वाटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी नसीमनं दुकानासमोर दोन टेबलं जोडून त्यावर चादर घातली. लादी पाव, लोण्याचा गोल पाव, मेथी-लसणाचा लांब पाव, तिळाचे कडक टोस्ट आणि मधोमध ज्वारीचा पाव, पाच ठेवलेले, वर पिठाच्या रेघा काढलेले. शेजारी वाट्या. पावावर लावायच्या त्या वस्तूंना ती स्प्रेड म्हणायची, आम्ही चोपड म्हणायचो. पेरूचं चोपड, डाळिंबाचं चोपड, शेंगदाण्याचं चोपड आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा लोण्यात घोटून केलेलं एक हिरवं चोपड. त्यात मिरची आहे हे मला नंतर कळलं, दिसायला ते गोड दिसत होतं.

गाव सगळं आलं. फुकट म्हटल्यावर शेजारच्या गावचंही आलं. पळसदेवची इंदुबाई मासे विकायला फाट्यावर बसते, ती आपली पाटी घेऊन जरा लांब बसली, कारण पाटीत ताजी चिलापी होतीच, शिवाय खाली वाळवलेलीही होती. कुणीही पावाला हात लावेना. सगळे बाबूभाईंकडे बघत होते. त्यांनी त्या दिवशी धुतलेला पायजमा, टोपी, जाकीट घातलं होतं आणि अत्तर मात्र लावलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, लावाल तर मला काही कळणार नाही.

लादी पाव धरला. मी हुंगले, गप्प राहिले. बाबूभाई दोनदा हुंगले. "ताजा हाय. दुधातला हाय." लोकांनी माना हलवल्या. लोण्याचा पाव. मी गप्प. "लोनी असली हाय." मेथीचा. मी गप्प. "मेथी आजची हाय, लसूण गावरान हाय." ते त्यांनी मनानंच घातलं, पण बरोबर होतं. नसीमचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. महिन्यानंतर बाप तिचा माल हुंगत होता आणि गाव ऐकत होतं.

मग ती ज्वारीचा पाव घेऊन बापासमोर आली. तो मी दहा वेळा खाल्ला होता, हुंगायची गरजच नव्हती, म्हणून मी त्या वेळात ते हिरवं चोपड बोटानं चाटून बघितलं. गोड असेल असं वाटलं होतं.

ते गोड नव्हतं. ठसका घशात गेला आणि मला खोकला लागला. साधा नाही, कंबरेत वाकून लागला. मी हात हलवत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता, डोळ्यांतून पाणी. बाबूभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. इतका खोकला म्हणजे पाव किती खराब, असा त्यांनी हिशोब केला असणार. नसीम पाव धरून उभी होती. त्यांनी एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं, आणि डोळे न उघडता म्हणाले, "हा पाव नासलाय. ह्यो लोकांना देऊ नगं, बेटा."

नसीमनं पाव हळूच चादरीवर ठेवला. शिरपाआबा म्हणाले, "मी म्हनत नव्हतो?" आणि पुढच्या बायका मागे सरकायला लागल्या. एकीनं हातातला लादी पावाचा तुकडासुद्धा परत ठेवला.

मला श्वास आला तेव्हा मी बाबूभाईंची बाही ओढली आणि सांगितलं की चोपडाचा ठसका लागला, पाव चांगला आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मग नसीमकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी सारवासारव करेल. पण त्यांनी टोपी नीट केली आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐका. मला वास येत न्हाय. करोनापासनं येत न्हाय. मी आत्ता जे बोललो ते ह्या वैनीच्या खोकल्यावर बोललो. पाव चांगला हाय."

चाळीस वर्षांचं नाव त्या माणसानं एका दमात टेबलावर ठेवलं. आणि गावानं काय केलं? गावाचा विश्वासच बसला नाही. शिरपाआबा हसले. म्हणाले, "बाबू, तू बाप हायस. पोरीसाठी आता नाक बी न्हाय म्हनशील. पन तोंडातनं खरं निघून गेलं की तुज्या." लोकांनी माना डोलावल्या. बिचारा पोरीसाठी खोटं बोलतोय, असं म्हणून दोघीतिघींना गहिवरून आलं, पण पाव कुणी घेईना. बाबूभाई शपथा घ्यायला लागले. ते जितक्या शपथा घेत तितकं गाव म्हणे, बघा, कसा जीव तुटतोय बापाचा.

मला गर्दीत शपथांचा कंटाळा येतो. मी उठले, इंदुबाईच्या पाटीपाशी गेले आणि खालची वाळवलेली चिलापी मागितली. तिनं विचारलं, कुठली, बरी का वाईट? मी म्हटलं सगळ्यात वाईट. तिनं तळातून एक काढली. ती मला इथं लिहितानाही आठवते. आठ दिवसांपूर्वी तिला पाणी लागलं होतं, म्हणे.

बाबूभाई लोकांकडे तोंड करून बोलत होते, त्यांचे दोन्ही हात वर होते. मी मागून गेले आणि चिलापी शेपटीला धरून त्यांच्या कानाच्या पुढे, नाकापासून चार बोटांवर, बाजूनं लोंबत धरली. त्यांची ती बाजूची नजर मोतीबिंदूनं गेलेली, त्यामुळं दिसायचा प्रश्न नव्हता. पहिली रांग आधी गप्प झाली. मग तिनं नाकाला पदर लावले. मग ती रांग मागच्या रांगेवर पडली. शिरपाआबांनी उपरण्यात तोंड घातलं. बाबूभाईंना वाटलं, लोकांना आपलं पटायला लागलं. ते आणखी जोरात बोलायला लागले. म्हणाले, फुलाचा वास आठवतो पण येत नाही, त्याचं दुःख तुम्हाला कळायचं नाही. आणि हे ते त्या माशाच्या अंगावरून बोलत होते. एका बाईला हसू फुटलं. मग सगळ्यांना. नसीम तोंडावर दोन्ही हात घेऊन उभी होती, ती रडत होती का हसत होती ते सांगता येणार नाही.

बाबूभाईंनी मान वळवली आणि चिलापीच्या नाकाला त्यांचं नाक लागलं.

"वैनी, ह्यो काय?"

"चिलापी. आठ दिसाची. तुमचा साक्षीदार."

आता कुणालाच काही शंका उरली नाही. गाव हसत होतं आणि बाबूभाई मध्ये उभे होते. त्यांनी ती चिलापी माझ्या हातातून घेतली, डोळे मिटले, एकदा हुंगली, थांबले, दुसऱ्यांदा हुंगली. हसणं थांबलं. ते म्हणाले, "काय बी कळत न्हाय. संपलं. चाळीस वर्सं मी तुमच्यासाठी हुंगलं. आता पाव हितं हायत, नाकं तुमच्याकडं हायत. तुमचं तुमी हुंगा."

लोकांची पंचाईत झाली. चाळीस वर्षांत कुणी स्वतः काही हुंगलंच नव्हतं. पुढच्या बाईनं ज्वारीचा पाव उचलला, एकदा हुंगला, इकडंतिकडं बघितलं, दुसऱ्यांदा हुंगला. म्हणाली, भाकरीचा येतोय. दुसरी म्हणाली, भाकरीचा न्हाय, ताकाचा. त्यावरून त्यांचं वाजलं. मग सगळेच पावात नाकं खुपसून उभे राहिले, शिरपाआबांच्या नाकाच्या शेंड्याला पीठ लागलं आणि ते तसंच घेऊन ते दिवसभर गावात फिरले. ज्वारीचे पाच पाव संपले, मग बाकीचे संपले. हिरवं चोपड फक्त उरलं. खोकल्याचं औषध म्हणून ते पुढं भलतंच खपायला लागलं, ही वेगळी गोष्ट.

बाबूभाई माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मासा नाकाला लावल्याचा राग नव्हता, साक्षीदार म्हटल्याचा होता, असं नसीमनं सांगितलं. मी माफी मागायला गेले नाही, कारण मासा नसता तर अजून शपथाच चालल्या असत्या. पाचव्या दिवशी ते आले. चपला काढल्या, चौकटीला हात लावला, डोळे मिटले. पण हुंगले नाहीत. म्हणाले, "वैनी, काय शिजतंय?"

मी म्हटलं, "हुलग्याचं माडगं."

"कसं येतंय?"

मी सांगितलं, फोडणीत लसूण जरा जास्त लागलाय. ते हसले आणि आत आले.

त्यानंतर त्यांचं तेच झालं. दुकानात स्टुलावर बसायचे आणि पाव घ्यायला येईल त्याला विचारायचे, कसा वास येतोय. चांगला म्हटलं तर पाव मिळायचा नाही. "चांगला म्हंजी? सून चांगली हाय, पाऊस चांगला हाय, पाव कसा हाय?" लोक वैतागायचे, पण सांगायला शिकले. एक जण म्हणाला, नव्या वहीसारखा. इंदुबाई म्हणाली, ऊन पडल्यावर गोधडी वाळत घालतो तसा. बाबूभाई डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे, जणू तो वास आताच नाकात शिरला. शिरपाआबांना रोज एक तुकडा फुकट मिळायचा, त्यामुळं त्यांना सगळ्यात जास्त वास यायचे.

दीड वर्ष हे चाललं. मग बाबूभाईंच्या छातीत पाणी झालं. बारामतीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी ज्वारीचा पाव फडक्यात बांधून घेऊन गेले. त्यांना खायला बंदी होती. त्यांनी विचारलंच, कसा येतोय. मी हुंगले. दवाखान्यात फिनेलशिवाय कशाचाच वास येत नव्हता, आणि मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "शाबास. दुसरी कुनी असती तर आत्ता खोटं बोलली असती." त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. मयताला अख्खं गाव होतं. त्यांच्याच पेटीतलं अत्तर त्यांना लावलं होतं, बेताचं.

दुकान आठ दिवस बंद राहिलं. नवव्या दिवशी शटर वर दिसलं म्हणून मी गेले. स्टूल तसंच होतं, त्यावर कुणी बसलं नव्हतं, मीही बसले नाही. नसीम भट्टीसमोर पाठमोरी उभी होती, हातात सांडशी, पण काही काढत नव्हती, नुसती उभी होती. माझी चाहूल लागली तसं तिनं मागे न बघता विचारलं, "काकी, कसा वास येतोय?"

मी डोळे मिटले. एकदा हुंगले, थांबले, दुसऱ्यांदा हुंगले.

"करपलाय," मी म्हटलं.

तिनं धावत भट्टीचं दार उघडलं. करपला होताच. मी कशाला खोटं सांगू?